वाळवी नेमकी कोणाची?

डोंबिवलीतल्या एका चार मजली इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या काकांनी मे महिन्यात रंगकाम काढलं. हॉलच्या चौकटीवर कॅलेंडरचा एक जुना खिळा होता, तो उपटायला गेले. खिळा हातात आला आणि त्याच्याबरोबर मूठभर चौकटही आली. मागे उरला तो नुसता ऑइलपेंटचा पापुद्रा, आणि त्याच्या आत ओलसर मातीचं एक अख्खं गाव नांदत होतं.

"होळीच्या वेळी मी काय दाखवलं होतं?" काकूंनी विचारलं.

होळीच्या सुमारास त्यांनी भिंतीच्या कडेने वर चढलेली, पेन्सिलीएवढी जाड मातीची रेघ दाखवली होती. "कुंभारणीचं घर असेल," म्हणून काकांनी ती ओल्या फडक्याने पुसली होती आणि वर स्वच्छतेचं श्रेयही घेतलं होतं. ती रेघ म्हणजे वाळवीचा झाकलेला रस्ता. कामकरी वाळवी आंधळी, अंगाने मऊ, उघड्या हवेत चटकन सुकणारी. म्हणून माती, लाळ आणि विष्ठा कालवून ती बोगदा बांधते आणि त्यातूनच ये-जा करते. बोगदा फुटला, तर कुणाच्या मंजुरीची वाट न पाहता डागडुजी सुरू. कल्याण-डोंबिवलीत आयुष्य गेलेल्या माणसाला खरं तर याचं कौतुक वाटायला हवं होतं.

पहिला आठवडा घरगुती उपायांचा. कोणी रॉकेल सांगितलं (ते हल्ली मिळतं कुठे, हे नाही सांगितलं), कोणी कडुनिंबाचं तेल, कोणी हिंगाचं पाणी. समोरच्या आजींनी मुंग्यांचा खडू आणून चौकटीभोवती चौकोन आखून दिला. वाळवी रेघेच्या आतल्या बाजूला, भिंतीत होती, त्यामुळे बंदोबस्त झालाच असेल तर काकांचा झाला. अंगावर रॉकेल पडलं ती वाळवी मरते यात शंका नाही. पण राणी खाली जमिनीत बसून दिवसाला हजारोंनी अंडी घालत असते, आणि तिच्यापर्यंत पिचकारी पोहोचत नाही.

जमीन हा शब्द कानावर पडताच काकांमधला निवृत्त हेडक्लार्क जागा झाला. त्यांनी सोसायटीला पत्र दिलं: 'सदर वाळवी जमिनीतून आलेली असून जमीन संस्थेच्या मालकीची असल्याने सदर वाळवी संस्थेची समजण्यात यावी.' चार दिवसांत उत्तर आलं. वाळवी सदनिकेच्या अंतर्गत लाकूडकामात वास्तव्यास आढळल्याने ती सभासदाची वैयक्तिक बाब आहे. बँकेत तीस वर्षं काढलेल्या खजिनदारांनी शेरा मारला होता, 'भाडेकरू ठेवल्यास संस्थेस कळवणे बंधनकारक.'

जूनच्या पहिल्या पावसानंतरच्या रविवारी पार्किंगमध्ये सभा भरली. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी सुरुवातीलाच हात झटकले: आमच्याकडे सगळं सागवान आहे, वाळवी शिवत नाही. हे अर्धंच खरं. सागाचा आतला गडद गाभा वाळवीला मानवत नाही, पण बाहेरचा फिकट भाग ती आनंदाने खाते. सुतार 'अस्सल सागवान' म्हणतो तेव्हा त्यात कुठला भाग किती, हे रंग दिल्यावर कोणाला दिसतं? दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या पलंगाखाली रोज पिठासारखा भुसा पडत होता. त्या घाबरून उठल्या. पण कोरडं पीठ सांडणारा तो भुंगा. वाळवी भुसा सांडत नाही, माती लिंपते. वहिनींना हायसं वाटलं, वास्तविक वाटायचं काही कारण नव्हतं.

चर्चा रंगात आली असताना ट्यूबलाइटभोवती पंखवाली पाखरं जमायला लागली. आधी पाच-पन्नास, मग मोजदाद सुटली. चहाच्या कपांत, अध्यक्षांच्या टकलावर, इतिवृत्ताच्या वहीवर पंखांचा नुसता सडा. ही वाळवीचीच उपवर पोरं. पहिल्या पावसात उडायचं, जोडीदार गाठायचा, पंख टाकून द्यायचे आणि जमिनीत नवा संसार थाटायचा. यातला राजा मधमाश्यांच्या नरासारखा लग्नानंतर लगेच मरत नाही, राणीबरोबर वर्षानुवर्षं नांदतो. आणि 'पांढरी मुंगी' म्हणत असले तरी वाळवी मुंगीची कोणी लागत नाही. ती झुरळाच्या भावकीतली. "म्हणजे पाहुणे स्वयंपाकघरात आधीपासून आहेतच," काकू म्हणाल्या.

सेक्रेटरी मूळचे सावंतवाडीकडचे. त्यांची अडचण वेगळीच होती. गावाकडे सातेरीच्या देवळात वारुळालाच देवी मानून पुजतात. पावसाळ्यात रोयणीवर, म्हणजे वारुळावर, उगवणारी अळमी (अळंबी) गोव्यात चढ्या भावाने विकली जातात आणि लोक घासाघीस न करता घेतात. ती बुरशी वाळवीच तर आपल्या घरट्यात जोपासते! चावलेल्या लाकडा-पाल्याचा लगदा करून त्यावर शेती. एवढी मेहनत करून वारूळ उभं करायचं आणि नागपंचमीला दूध कोणाला, तर आयत्या बिळावरच्या नागोबाला. "आमच्या मेंटेनन्सचंही तसंच आहे," अध्यक्ष हळूच म्हणाले.

शेवटी गाडी हलवली ती खजिनदारांनीच. 2011 साली उत्तर प्रदेशातल्या बाराबंकी जिल्ह्यात एका बँकेच्या शाखेत वाळवीने सुमारे 1 कोटी रुपयांच्या नोटा खाल्ल्या होत्या, हे त्यांना आठवलं. मग आठवलं की सोसायटीचं सगळं दप्तर जिन्याखालच्या प्लायवूडच्या कपाटात आहे. त्यांनी उठून कपाटावर टिचकी मारली. पापडावर मारल्यासारखा आवाज आला. खर्च निम्मा-निम्मा, ठराव एकमताने मंजूर.

पेस्ट कंट्रोलचा मुलगा आला तो ड्रिल घेऊन. भिंत आणि फरशी जिथे मिळतात तिथे दर 30 सेंटिमीटरला 12 मिलिमीटरचं भोक, प्रत्येक भोकात लिटरभर औषध, वर पांढऱ्या सिमेंटची बुच्ची. वाळवी कोणाची, हे काकांनी त्यालाही विचारलं. तो म्हणाला, "बिल्डरची असेल. जोत्याखाली शटरिंगच्या फळ्या तशाच गाडून टाकतात, तिथून सुरू होतं बऱ्याचदा." बिल्डर केव्हाच परागंदा झालेला असल्यामुळे हा निर्णय दोन्ही पक्षांनी आनंदाने मान्य केला.

काम संपल्यावर त्याने पाच वर्षांच्या गॅरंटीचा कागद काकांच्या हातात दिला. काकांनी तो घेऊन माळ्याकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं, पुस्तकांच्या फळीकडे पाहिलं.

"ठेवू कुठे हा?"

"मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, काका," मुलगा ड्रिल गुंडाळत म्हणाला.