तुमच्याकडे आहे का?

लाईट गेली की सुरतेत माणूस आधी खिडकीत जातो. समोरची बिल्डिंग अंधारात दिसली की त्याचा जीव भांड्यात पडतो. संकट सार्वजनिक आहे, म्हणजे तक्रारीचा फोन दुसरा कुणीतरी करील. समोर ट्यूब जळत असेल तर मात्र तो मनातून खचतो. म्हणून अंधारातला पहिला प्रश्न ‘कधी येईल’ हा नसतोच. तो असतो : ‘तमारे त्यां छे?’ तुमच्याकडे आहे का?

यंदा मे महिन्यात आमच्या उधन्याच्या सोसायटीत हा प्रश्न सत्तावन्न तास विचारला गेला. रस्ता खोदताना कुणीतरी जमिनीखालची केबल तोडली. खोदणारे म्हणाले, नकाशात इथे केबल नाही. केबलवाले म्हणाले, नकाशात इथे रस्ताच नाही.

माझं दुःख थोडं वेगळं होतं. वीस-बावीस वर्षं मी खान्देशातल्या नातेवाइकांना सांगत आलो, ‘आमच्याकडे लाईट जात नाही.’ पगाराबद्दल मी त्यांच्याशी खोटं बोललो, फ्लॅटच्या आकाराबद्दल बोललो, समुद्र घरापासून किती लांब आहे याबद्दलही बोललो. लाईटचं मात्र खरं होतं. कुणी 2006 ची आठवण काढायचा. ऑगस्टात उकाई धरणाचं पाणी शहरात शिरलं तेव्हा दिवसचे दिवस अंधारच होता की! त्यावर माझं उत्तर ठरलेलं : तेव्हा लाईट गेली नव्हती, अख्खी सुरतच गेली होती.

आणि यंदा नेमके लाईट गेली त्याच आठवड्यात अमळनेरकडून आमचे नाना आले. मुलासाठी काम बघायला. येताना फोनवर म्हणाले होते, ‘चार दिवस पंख्याखाली झोपतो तुझ्याकडे.’

नाना म्हणजे भारनियमनाच्या विद्यापीठाचे जुने पदवीधर. 2005 साली वीज मंडळाची वाटणी होऊन महावितरण, महानिर्मिती, महापारेषण अशा तीन कंपन्या झाल्या, तेव्हा नानांना वाटलं होतं, आता तिघींपैकी एखादी तरी लाईट देईल. त्याच वर्षांत लोडशेडिंग वाढत गेलं. पुढे वीजगळती आणि वसुलीवरून फीडरचे गट पडले : ए, बी, सी करत जी-3 पर्यंत. नानांच्या पोराला दहावीला ‘ए’ मिळाला नाही तरी चालेल, फीडरला मिळावा, असा घरातला नवस होता. फीडर जी-3 मध्येच राहिलं. डिसेंबर 2012 पर्यंत महाराष्ट्र भारनियमनमुक्त होणार, असं सरकारने सांगितलं होतं. नानांनी तेव्हा इन्व्हर्टर घेतला.

त्याच 2012 चा जुलै अखेर आठवतो. 30 आणि 31 तारखेला उत्तर आणि पूर्वेकडचे ग्रीड कोसळले, 60 कोटींहून अधिक लोक अंधारात गेले, आणि 31 तारखेलाच ऊर्जामंत्री सुशीलकुमार शिंदे बढतीने देशाचे गृहमंत्री झाले. आमच्या गल्लीतल्या वायरमनने ही बातमी बरीच वर्षं खिशात बाळगली होती. त्याच्या हातून फक्त एक डीपी जळाली होती आणि त्याची बदली मात्र आडगावी झाली होती. (पश्चिमेचं ग्रीड त्या दिवशी शाबूत राहिलं. आमच्याकडे लाईट होती. मी नानांना मुद्दाम फोन केला होता.)

तर, लाईट गेल्यावर नाना खुशीत आले. इतकी वर्षं मी ऐकवलं, आता त्यांची पाळी. मी मोबाईलवर तापमान पाहिलं : 37. नाना हसले. ‘हाई गरमी शे का? आमनाकडे इतली गरमीमा लोके लगीन लावतस!’ जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या पुढे जातो, हे खरंच आहे. तिथला माणूस 37 ला अंगावर चादर घेतो.

समोरच्या फ्लॅटमधले काका राजुल्याचे. हिऱ्याच्या कारखान्यात आयुष्य गेलेलं. त्यांना नानांचा हा रुबाब सहन होईना. 2021 च्या मे महिन्यात, कोरोनाच्या भीतीने सुरत सोडून ते गावी गेले आणि 17 तारखेला तौक्ते वादळ ऊना आणि दीवच्या मधोमध किनाऱ्यावर चढलं. खांब काडेपेटीच्या काड्यांसारखे आडवे झाले. काकांच्या अमरेली जिल्ह्यात कित्येक गावांना आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. काकांनी बोटं मोजून दाखवली : अठरा दिवस. नानांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, वादळाची लाईट एकदाच जाते. आमची रोज, वेळापत्रक लावून जात होती, आणि वेळापत्रकसुद्धा पाळत नव्हती. दोघांचा सामना बरोबरीत सुटला. मुंबईहून आलेला पहिल्या मजल्यावरचा जावई ‘आमच्याकडे एकदा दोन तास...’ असं म्हणू लागला, त्याला कुणी बसायलासुद्धा सांगितलं नाही.

मग नानांनी सूत्रं हाती घेतली. खिडक्यांना ओल्या गोधड्या लावल्या. फरशीवर पाणी शिंपडलं. सगळ्यांच्या अंगावर ओले पंचे. गावी हा इलाज अक्सीर आहे. रात्री नऊला सगळे ओले होऊन बसलो, दहा वाजता घर शिजायला लागलं. ओल्या कापडातलं पाणी उडून जातं तेव्हा अंगातली उष्णता बरोबर घेऊन जातं, एवढीच त्यातली करामत. पण उडायला हवेत जागा हवी ना. खान्देशची हवा कोरडी, रिकामी. सुरतेची हवा खाडीवरून येते, भुसावळ पॅसेंजरसारखी आधीच खचाखच भरून. पाण्याला दारात लोंबकळायलाही जागा नाही. गुजरातीत या अवस्थेला ‘बफारो’ म्हणतात. शब्द उच्चारतानाच वाफ बाहेर पडते. रात्री दोन वाजता नाना गॅलरीत उघडे बसले होते. ‘भाऊ,’ ते हळूच म्हणाले, ‘हाई गरमी न्यारी शे.’ जी-3 फीडरचा माणूस 37 अंशांत हरला होता.

दुसऱ्या दिवशी मला आमच्या सोलरची आठवण झाली. सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटचे पॅनेल बसवले आहेत, 78 हजारांचं अनुदान घेऊन. गच्चीवर गेलो. सूर्य होता, पॅनेल होते, दोघांच्या मधे एक ढगही नव्हता, आणि खाली पंखा बंद. बसवणाऱ्याला फोन केला. त्याने प्रेमाने समजावलं : साहेब, ही ऑन-ग्रिड सिस्टिम. लाईन बंद पडली की तुमचा इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो. नाहीतर तुमची वीज उलटी लाईनीत जाईल आणि खांबावरच्या वायरमनला झटका बसेल. बॅटरी घेतली असती तर वेगळं. म्हणजे लाईट असते तेव्हा माझा सूर्य चालतो, आणि लाईट जाते तेव्हा सूर्यही जातो. वायरमन वाचला पाहिजे हे मला मान्य आहे. फक्त सत्तावन्न तासांत त्या खांबावर कुणी चढलेलं मी पाहिलं नाही.

बायकोने त्याच पॅनेलांच्या मधल्या जागेत गव्हाच्या कुरडया वाळत घातल्या होत्या. दुपारपर्यंत कडकडीत. आमच्या गच्चीवरची ती एकमेव यशस्वी सौरयोजना.

पुराणात तापी ही सूर्याची मुलगी. ती उकाईला टर्बाईन फिरवते. बाप गच्चीवर ड्युटीला, लेक धरणावर ड्युटीला, आणि मधल्या चार फुटांत केबल तुटलेली. ज्यांचा मोबाईल थोडा शिल्लक होता त्यांना संदेश येत होते : ‘उष्णतेपासून सावध राहा. थंड जागी थांबा.’ तो संदेश वाचता वाचता काकांचा मोबाईल थंड झाला.

मला खरी जाग आली ती मात्र दुसऱ्या रात्री, शांततेने. आमच्या मागच्या गल्लीत संचे आहेत. पॉवरलूमची खटखट आम्हाला इतकी अंगवळणी पडली आहे की ती असली की झोप लागते. ती थांबली होती. तिथल्या माणसाला मजुरी मिळते ती कापडाच्या मीटरवर. भिंतीवरचा मीटर थांबला की कापडाचा थांबतो. दोन्ही मीटर एकाच तारेला बांधलेले.

कामगार बरेचसे ओडिशातल्या गंजामचे, काही आपले शिरपूर-चोपड्याचे. बारा तासांची पाळी. मेसच्या खोलीत एका गादीचे दोन मालक : दिवसपाळीवाला आणि रातपाळीवाला. एकाच गावचे असून एकमेकांना झोपलेलेच ओळखतात. संचे बंद पडले आणि गादीचे दोन्ही मालक एकाच वेळी हजर झाले. पत्र्याखालच्या खोलीत मावेनात, तेव्हा सतरंज्या घेऊन आमच्या सोसायटीच्या गेटबाहेरच्या ओट्यावर आले. ओटा कोटा फरशीचा, गार.

यावर कमिटीची तातडीची बैठक झाली. चेअरमनच्या गाडीत, कारण एसी तिथेच होता. पाच सभासद आत, काचा बंद, इंजिन चालू. बाकीचे आम्ही बाहेर काचेला नाक लावून. बाहेरच्यांना ओट्यावर झोपू द्यावं का, या विषयावर पाऊण तास चर्चा झाली. काच खाली करून निर्णय सांगण्यात आला : विषय गंभीर आहे, उद्या पुन्हा बसू. दुसऱ्या दिवशी बैठकीला अकरा जणांनी सभासदत्वाची तयारी दाखवली.

नाना तोवर उशी घेऊन ओट्यावर गेले होते. खाडीचा जो काही वारा होता तो तिथे होता. शिरपूरच्या एका पोराशी त्यांचं बोलणं जमलं. संच्यावर मुलाला चिकटवता येईल का, किती मीटरला किती पैसे, सगळी चौकशी अंधारात झाली. पोराने प्रामाणिकपणे सांगितलं, ‘लाईट असली तर बरं सुटतं.’ नाना बराच वेळ काही बोलले नाहीत.

तिसऱ्या रात्री सव्वातीनला लाईट आली. ‘आवी गई!’ सोसायटीतून. ‘उनी रे, उनी!’ आमच्या गॅलरीतून. ‘आसिगला!’ ओट्यावरून. पाच मिनिटांत ओटा रिकामा झाला आणि मागची खटखट सुरू झाली. आम्ही झोपलो.

नाना दुसऱ्या दिवशी गेले. मुलाचं काय ठरवलं, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. संध्याकाळी त्यांचा फोन आला. पोचल्याचं सांगतील, नाहीतर पंख्यावरून टोमणा मारतील, असं वाटलं होतं.

‘आमच्याकडे आत्ताच गेली,’ नाना म्हणाले. ‘तुमच्याकडे आहे का?’

मी खिडकीत जाऊन बघून आलो.