शिवीचा भाव

एकाच शिवीचे दोन भाव असू शकतात, हे अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगने २०११ साली हिशेब मांडूनच दाखवलं. एप्रिलमध्ये कोबी ब्रायंटने पंचाला समलिंगींवरून घाणेरडी शिवी हासडली. दंड एक लाख डॉलर. पुढच्याच महिन्यात जोकिम नोआने तीच शिवी एका प्रेक्षकाला दिली. दंड पन्नास हजार. पंच महाग, प्रेक्षक निम्म्या दरात. ज्यांच्या नावाने शिवी होती त्यांना कोणी भाव विचारलाच नाही.

असा दंड झाला की अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाने गळा काढणारे हजर होतातच. आपलं कलम १९ घ्या किंवा अमेरिकेची पहिली घटनादुरुस्ती, दोन्ही सरकारचा हात धरतात, मालकाचा नाही. जर्सीवर कोणाचं नाव मिरवायचं, पत्रकारांपुढे कुठली टोपी घालून बसायचं, हे सगळं खेळाडू करारात लिहून देतो आणि त्याचे पैसे मोजून घेतो. तेव्हा स्वातंत्र्य गुदमरत नाही, शिवी अडली की मात्र गुदमरतं! इंग्लंडात फुटबॉलपटू जॉन टेरीला जुलै २०१२ मध्ये कोर्टाने वर्णद्वेषी शिवीच्या आरोपातून निर्दोष सोडलं. सप्टेंबरमध्ये फुटबॉल संघटनेने त्याच प्रकरणात त्याला चार सामने बाहेर बसवलं आणि दोन लाख वीस हजार पौंड वसूल केले. यात विसंगत काही नाही. फौजदारी गुन्ह्याला लागतो तेवढा पक्का पुरावा शिस्तीच्या कारवाईला लागत नाही.

तेव्हा शिस्त हवीच. माझं भांडण आहे ते माणूस बघून तिला फुटणाऱ्या घामाशी.

जानेवारी २००८, ऑस्ट्रेलियाविरुद्धची सिडनी कसोटी. सचिन आणि हरभजनची आठव्या विकेटची भागीदारी रंगात आलेली. हरभजनने ब्रेट लीच्या पार्श्वभागावर बॅटने थाप मारली. शाबासकी म्हणे. अँड्र्यू सायमंड्सला ती खुपली. तो बोलला, हा बोलला. ऑस्ट्रेलियाचे खेळाडू म्हणाले, हरभजन त्याला ‘माकड’ म्हणाला. मैदानावरच्या पंचांना काहीच ऐकू आलं नव्हतं. तरी सामनाधिकारी माइक प्रॉक्टरनी तीन कसोटींची बंदी ठोकली आणि इकडे देश पेटला. संघ पुढच्या मुक्कामाला न जाता सिडनीतच बसून राहिला. त्याच कसोटीतले वादग्रस्त पंच स्टीव्ह बकनर यांना पुढच्या कसोटीतून दूर केलं गेलं. निकाल मनासारखा लागला नाही तर खेळाडूंना घरी आणायला विमान तयार असल्याच्या बातम्याही झळकल्या.

अपील न्यूझीलंडच्या न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांच्यापुढे गेलं. आपला बचाव काय होता? तो माकड म्हणालाच नाही, आईवरून बोलला! खुद्द सचिनने साक्ष दिली. वर्णद्वेष सिद्ध झाला नाही, साधी शिवीगाळ कबूल झाली आणि मानधनाच्या निम्म्या दंडावर प्रकरण मिटलं. कोणाची तरी आई काढल्याचं कबूल करून माणूस निष्कलंक ठरतो आणि त्याचे फटाके वाजतात, असा चमत्कार मी तरी दुसरा पाहिलेला नाही. हरभजनच्या जुन्या गुन्ह्यांपैकी एकच आयसीसीने न्यायमूर्तींसमोर ठेवला होता, बाकीचे सांगायचे राहून गेले. पुढे हॅन्सन स्वतःच म्हणाले की या चुकांचा त्याला फायदा झाला. चूकही कशी नेमकी आपल्या श्रीमंत मंडळाच्या बाजूने पडते, बघा.

आता जानेवारी २०१९ चं डर्बन. पाकिस्तानच्या सरफराज अहमदने दक्षिण आफ्रिकेच्या अँडिले फेहलुक्वायोला रंगावरून टोमणा मारला. स्टंपच्या माइकने तो टिपला. सरफराजने माफी मागितली, हातही मिळवला. आयसीसीने चार सामन्यांची बंदी घातलीच. पुरावा पक्का होता आणि शिक्षा योग्यच होती. पाकिस्तानच्या मंडळाने नाराजी तेवढी नोंदवली. विमानाची बातमी काही आली नाही.

सिडनीत आपल्यावर अन्याय झाला म्हणून ज्यांच्या मुठी वळल्या, त्या आम्हा मुंबईकरांचं काय? ऑक्टोबर २००७ मध्ये, म्हणजे त्या कसोटीच्या तीनच महिने आधी, वानखेडेवर याच सायमंड्सला बघून प्रेक्षकांतल्या काहींनी माकडचेष्टा केल्या होत्या. त्याआधी वडोदऱ्यातही तेच झालं होतं. वानखेडेवरचे फोटो पेपरांत छापून आले, म्हणून नाही म्हणायची सोय उरली नाही. काहींना पोलिसांनी बाहेर काढलं. पुतळे जाळण्याइतका राग मात्र कोणाला आला नाही. आपला तो बाब्या.

हॅन्सन यांच्या निकालाला तीन आठवडे होतात न होतात तोच, २० फेब्रुवारी २००८ ला, आयपीएलचा पहिला लिलाव झाला. तोही मुंबईतच. हरभजनसाठी मुंबई इंडियन्सने साडेआठ लाख डॉलर मोजले. सायमंड्ससाठी डेक्कन चार्जर्सने मोजले साडेतेरा लाख. आरोपीपेक्षा तक्रारदार पाच लाखांनी महाग गेला, आणि राष्ट्राच्या अपमानाची आठवण त्या दिवशी एकाही मालकाला झाली नाही.