आतली बाजू बाहेर

मुंबई नाक्याजवळचे टायरवाले शेठ यांस,

तुमच्या विद्वत्तेबद्दल जाहीर आभार मानायचे राहून गेले होते, म्हणून हे पत्र.

मे महिन्यात माझी लाल ऑडी टीटी तुमच्या दारात उभी राहिली, तेव्हाच तुम्ही ओळखलंत. गाडीला नव्हे, मला. चाळिशीत सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेणारा आणि दोन दारांतून आईला मागच्या सीटवर बसवताना अख्ख्या सोसायटीची करमणूक करणारा माणूस. असा माणूस टायरवरची अक्षरं वाचत नाही, चकाकी बघतो.

मी मात्र माप लिहून आणलं होतं : २४५/४० आर १८, ९७ वाय. तुम्ही म्हणालात, “वाय कशाला साहेब, एच टाकू. नाशिकात कुठे तीनशेनं पळवणार?” मुद्दा बिनतोड. वाय म्हणजे ताशी ३०० किलोमीटर, एच म्हणजे २१०, आणि समृद्धी महामार्गावरसुद्धा मर्यादा १२०ची. पण ते अक्षर टायर किती ताप सोसेल तेही सांगतं, असं मी पुटपुटलो. तिथेच गिऱ्हाईक अर्धवट शिकलेलं आहे हे तुमच्या ध्यानात आलं. अर्धशिक्षितांसाठी तुमच्याकडे वेगळा माल असतो, हे माझ्या ध्यानात यायला पावसाळा उजाडावा लागला.

“इम्पोर्टवर २०२०पासून निर्बंध आहेत, हे माप मिळतंय कुठे?” हे तुम्ही खरं बोललात. त्या वर्षी जूनमध्ये केंद्र सरकारनं गाड्यांच्या नव्या टायरच्या आयातीला परवान्याची अट घातली आणि असली मापं दुर्मीळ झाली. त्याच दमात “परवाच कंटेनर उतरलाय, एकदम फ्रेश” हेही बोललात. ८४,००० रुपये मोजताना या दोन वाक्यांतली फट मला दिसली नाही. गाडी जॅकवर चढताच तुम्ही मला एसीत बसवून चहा मागवलात. वर नायट्रोजन फुकट! हवेत तो ७८ टक्के असतोच म्हणा, पण देण्यामागची भावना महत्त्वाची.

जुलैत मुंबईहून येताना घोटीच्या अलीकडे धो धो पाऊस. रस्त्यावर बोटभर पाणी, काटा ऐंशीच्या आसपास, आणि स्टिअरिंग एकदम हलकं झालं. फिरवतोय, पण पलीकडे कुणी ऐकतच नाहीये. दोन-तीन सेकंदच असतील. गाडी सरळ राहिली ती कुणाच्या पुण्याईनं, ते ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी अंबडला अलाइनमेंटवाल्याकडे नेली. तिथला पोऱ्या चाकासमोर उकिडवा बसला आणि हसायलाच लागला. “साहेब, हे इंग्लिशमध्ये काय लिहिलंय?” चारही चाकांवर, रस्त्यावरच्या कुणालाही वाचता येईल अशा ठळक अक्षरांत लिहिलं होतं : ‘इनसाइड’.

या टायरची नक्षी दोन्हीकडे सारखी नसते. बाहेरचा खांदा वळणावर रेटा घेण्यासाठी दणकट, पाणी फेकणाऱ्या रुंद चरी आतल्या बाजूला. तुम्ही चारही उलटे बसवलेत. चुकून एक बसतो शेठ, चार नाही.

का बसवलेत, ते पोऱ्यानं गाडी लिफ्टवर घेऊन मोबाइलच्या टॉर्चनं दाखवलं. आतल्या अंगाला, चिखलाखाली, एका लंबगोलात चार आकडे : २३१८. म्हणजे टायर बनला तो २०१८चा तेविसावा आठवडा. बाहेरच्या बाजूला टायरचा क्रमांक अर्धाच, तारखेशिवाय. पोऱ्यानं चरीच्या बुडाशी नख दाबलं. रबर दबलं नाही, केसाएवढ्या भेगा तेवढ्या उघडल्या. तुमची काळी पॉलिश त्याच्या नखात राहिली.

सहा वर्षांचा टायर लगेच फुटतो असं नाही. अंधाऱ्या, थंड गोदामात नीट राहिला तर तो बरा निघतोही. तुमचं गोदाम मी नंतर बघून आलो, वर पत्रा आहे. आमच्याकडे लासलगावचा शेतकरीसुद्धा भावाची वाट बघत कांदा साठवतो, पण चाळीला चारी बाजूंनी वारा ठेवतो. आणि कांदा प्रामाणिक असतो. जुना झाला की कोंब दाखवतो, त्याला उलटा ठेवून भागत नाही.

सातपूरला टायरचा कारखाना असलेल्या या गावात टायर वाचता येणारी माणसं पुष्कळ असतील. पण तारीख कुठल्या बाजूला असते, कुठल्या बाजूला नसते, आणि ती दिसू नये म्हणून नक्षीचा बळी कसा द्यायचा, इतका सखोल अभ्यास तुमचाच. बिलावर तुम्ही नुसतं ‘टायर, ४ नग’ लिहिलंय. तेही शास्त्रोक्त.

शनिवारी अकराला येतोय. चहा नको, एसी नको. जॅकपाशी उभा राहीन, टॉर्च माझा मी आणतो.

तुमचा,
बाहेर बसलेलं गिऱ्हाईक