आमचा नंबर आम्हाला परत द्या

बसा, चहा टाकलाय. विषय मोठा आहे, म्हणून पहिल्यापासून सांगतो. तुमच्याही घरी हेच झालं असणार.

येडशीत आमच्या घरचं नेट रखडायला लागलं. मुलांचे परीक्षेचे फॉर्म भरताना पानावरचं चक्र फिरतच राहायचं. गावात नव्या कंपनीची फायबर आली, म्हणून आम्ही बदल केला. पोरगा शिडी घेऊन आला, भिंतीला भोक पाडलं, सही घेतली. म्हणाला, "काका, लँडलाइन पण फ्री आहे." फोन मिळाला, पण नंबर भलताच. जुन्या कंपनीच्या काउंटरवर विचारलं तर उत्तर आलं, "कनेक्शन सरेंडर केलं की नंबरपण सरेंडर होतो." आम्ही डबा परत केला होता. नंबर द्यायला आम्ही कधीच कबूल नव्हतो.

आता न्याय बघा. मोबाईलचा नंबर कायम ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर जानेवारी 2011 पासून आहे. जुलै 2015 पासून राज्य बदललं तरी नंबर तोच राहतो. येडशीचा माणूस उद्या गुवाहाटीला राहायला गेला तर त्याचा नंबर त्याच्याबरोबर जातो. आमचं घर मात्र वीतभर हललेलं नाही, आणि नंबर त्याचा गेला. लँडलाइनला ही सोयच नाही.

या गावात काय बदललं नाही? नॅरोगेजची ब्रॉडगेज झाली. दारावरून जाणारा 211 नंबरचा हायवे 52 झाला. 2023 मध्ये आमच्या जिल्ह्याचं नाव उस्मानाबादचं धाराशिव झालं. एवढ्या सगळ्यात 02472 आणि त्यापुढचा आमचा नंबर जिथल्या तिथे होता. गॅसच्या पुस्तकात तो, विम्याच्या कागदांवर तो, घरातल्या प्रत्येक लग्नपत्रिकेच्या तळाशी तो.

आमच्या आत्या बार्शीला असतात. त्यांना तो एकच नंबर पाठ. त्यांनी फोन लावला, तर पलीकडून बाई म्हणाली, हा नंबर अस्तित्वात नाही. आत्यांनी पुन्हा लावला, बाईंनी पुन्हा तेच सांगितलं. आत्यांनी त्याचा जो अर्थ काढायचा तो काढला आणि मिळेल ती एसटी पकडून, डोळे पुसत दारात उभ्या राहिल्या. आम्हाला सगळ्यांना धडधाकट पाहिल्यावर आधी रडल्या, मग आम्हाला बोलल्या. त्या बोलण्याची भरपाई कोणत्या खात्याकडे मागायची?

आणि नवा फोन तरी कसा? जुन्या तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजकडूनच 48 व्होल्टची वीज यायची. घरात अंधार असला तरी रिसीव्हर उचलला की टोन हजर. नवा फोन राउटरच्या पोटातून निघतो. लाइट गेली की राउटर गेला, राउटर गेला की फोन गेला. म्हणजे लाइट गेल्याची तक्रार करायचा फोन लाइट असेल तेव्हाच चालतो. येडशीत पावसाळ्यात लाइट किती टिकते, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

खेडोपाडी फोन पोचावा म्हणून या देशाने 1984 मध्ये सी-डॉट ही दूरसंचार संशोधन संस्था काढली. धूळ आणि उकाडा सोसणारी, एसीशिवाय चालणारी 128 लाइनची छोटी एक्स्चेंजं तिथल्या इंजिनिअरांनी बनवली. एवढ्या खटाटोपाने गावागावात आलेला फोन, त्याचा नंबर एका सहीवर जप्त होतो, आणि त्याची पावतीसुद्धा मिळत नाही.

मागणी सरळ आहे. दूरसंचार नियामक ट्रायने मोबाईलला दिलेला हक्क लँडलाइनलाही द्यावा आणि घराचा नंबर घराच्या नावावर राहू द्यावा. तोवर तुम्ही एवढं करा: शिडीवाला पोरगा दारात आला की सही करण्याआधी नंबरचं काय होणार ते त्याच्याकडून लेखी घ्या. लेखी देत नसेल, तर भोक पाडू देऊ नका.