वारा पडलेला दिवस

भिलाईत वाऱ्याची खबर हवी असेल तर नुसती मान वर करायची. कारखान्याच्या चिमण्या सगळे सांगतात. मे महिन्यात धूर आडवा पळत असतो, पावसाळ्यात तो ढगांत कुठे शिरला ते कळत नाही, आणि जानेवारीतल्या एखाद्या सकाळी तो सरळ वर चढतो, एका उंचीला पोचतो आणि तिथेच हातपाय पसरतो. जमिनीलगतची हवा रात्रभरात गार झालेली असते, वरची त्या मानाने उबदार. तो उबदार थर ओलांडून जायची धुराची ताकद नसते. अंगणातल्या आंब्याचे पानही हलत नाही. समोरच्या क्वार्टरमधले निवृत्त फोरमन फाटकाशी येतात, वर बघतात आणि म्हणतात, "आज तो हवा ही बंद है, भाई साहब." म्हणजे ती कोणीतरी बंद केली आहे आणि आता देखभाल विभागाला फोन करायला हवा, अशा सुरात.

मला असे दिवस फार आवडतात. अशा दिवशी मी समुद्रावर जातो. अर्थात पुस्तकातून. भिलाईहून समुद्र कुठल्याही बाजूने 400 किलोमीटरच्या पलीकडेच आहे, आणि व्हरांड्यातली वेताची खुर्ची ही माझ्या मालकीची एकमेव नौका आहे.

फ्रान्सिस बोफर्ट नावाच्या ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याने 1805 साली वाऱ्याला गुण द्यायची पद्धत काढली. शून्यापासून बारापर्यंत. बारा म्हणजे चक्रीवादळ. त्यात पास होणारा वारा असतो आणि नापास होणारे आपण. मुळात हे गुण जहाजावर किती शिडे उभारता येतील त्यावरून दिलेले होते; आमच्यासारख्या कोरड्या जमिनीवरच्या लोकांसाठी धूर आणि झाडाची पाने ही लक्षणे नंतर जोडली गेली. शून्य म्हणजे धूर सरळ वर. एक म्हणजे धूर किंचित कलतो, पण छपरावरचा वातकुक्कुट ढिम्म राहतो. दोन म्हणजे गालाला वारा कळतो, पाने सळसळतात. एका गुणाचा वारा ताशी 2 ते 5 किलोमीटर वेगाने जातो, म्हणजे सकाळी फिरायला निघालेल्या आमच्या सेक्टरमधल्या ज्येष्ठ नागरिकांपेक्षा फार पुढे नाही. मी ज्याला वारा पडलेला दिवस म्हणतो तो या शून्य आणि दोनच्या मधला.

एकट्याने समुद्र ओलांडणाऱ्यांच्या पुस्तकांत वादळांना भरपूर पाने मिळतात. साहजिकच आहे, प्रकाशकालाही पोट आहे. पण मी ती पाने भराभर उलटतो आणि वारा पडल्याची जागा शोधतो. माणूस खरा तिथे दिसतो. एकट्याने पृथ्वीला पहिली फेरी घातली ती जोशुआ स्लोकमने. 1895 च्या एप्रिलमध्ये तो बोस्टनहून 'स्प्रे' नावाच्या सुमारे 37 फुटी होडीतून निघाला आणि 1898 च्या जूनमध्ये परतला. त्याला पोहता येत नव्हते म्हणतात. बरोबर घड्याळ होते ते पत्र्याचे. तबकडी फुटलेली म्हणून दुकानदाराने दीड डॉलरचे ते एका डॉलरला दिले. याच स्लोकमने ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकापासून कीलिंग बेटांपर्यंतच्या 23 दिवसांत सुकाणूवर सगळे मिळून तीनेक तासच घालवले. होडीचे सुकाणू बांधून ठेवले की ती आपली आपण सरळ चालायची, आणि हा बसून वाचायचा. आमच्या कारखान्यात हजेरीपत्रकावर 23 दिवसांत तीन तास काम एवढी नोंद झाली असती तर पुढचे सगळे प्रवास त्याला स्वखर्चाने करावे लागले असते. ते त्याने तसेही केलेच म्हणा.

पण स्लोकमला तिथे नेमाने वाहणारा व्यापारी वारा होता. विषुववृत्तापाशी तोही साथ सोडतो. उत्तरेकडून आणि दक्षिणेकडून आलेले वारे तिथे भेटतात, तापतात आणि वर उठतात. हवा वर जाते, आडवी जात नाही. शिडाला आडवा वारा लागतो. मग होडी जागच्या जागी उभी. समुद्र मात्र कुठल्यातरी दूरच्या वादळाच्या लाटा हलवत असतो, त्यामुळे होडी डुलते आणि ढिले शीड डोलकाठीवर फटाफटा आपटत राहते. भरल्या वाऱ्यात शीड झिजत नाही इतके या आपटण्याने झिजते, आणि माणसाचे डोके तर त्याआधीच. शहाणा खलाशी अशा वेळी शीड उतरवून ठेवतो आणि चहा करतो. पण माणसाचे मन आपटतच राहते आणि ते उतरवायला दोर नसतो.

आपल्याकडे हा उद्योग फार उशिरा आला, आणि आला तो मराठी वाटेने. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यात फलटणजवळच्या विंचुर्णीला राहत. तिथे पाऊस बेताचा आणि समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे. तिथे बसून या गृहस्थाच्या मनाने घेतले की एका भारतीयाने भारतीय बनावटीच्या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी. नौका गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधली गेली. 56 फूट लांब, आणि नाव तिथल्या नदीचे, 'म्हादेई'. कमांडर दिलीप दोंदे 19 ऑगस्ट 2009 रोजी मुंबईहून निघाले, वाटेत फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅनली आणि केपटाऊन या चार बंदरांना लागून मे 2010 मध्ये मुंबईत परतले. पुढे याच नौकेतून अभिलाष टॉमी 2012-13 मध्ये कुठेही न थांबता फिरून आले. भिलाईतल्या माणसाला यातली सगळ्यात जवळची गोष्ट कुठली वाटत असेल तर विंचुर्णी. समुद्राचा ध्यास घ्यायला किनारा लागतोच असे नाही, उलट किनाऱ्यावरच्या माणसाला समुद्र ही भाजीबाजाराच्या वाटेवरची वस्तू असते.

जोराच्या वाऱ्यात होडी चालवायला छाती लागते, असे जाणकार सांगतात. मंद वाऱ्यात मात्र बूड स्थिर लागते. खलाशी होडीच्या मध्याकडे आणि वारा ज्या अंगाला जातो त्या अंगाला हळूच सरकून बसतो. होडी त्या बाजूला किंचित कलते, शीड आपल्याच वजनाने लोंबून पोट धरते, आणि असेल नसेल तो वारा त्यात मावतो. दोर ताणायचा नाही. ताणला की शीड सपाट होते आणि वारा पाठ फिरवतो. सुकाणू दोन बोटांत धरायचे, कारण ते जोरात वळवले तर पाण्याला अडते आणि मोठ्या कष्टाने मिळालेली गती खाऊन टाकते. आधारदोराला लोकरीचा धागा बांधलेला असतो, पुष्कळदा जुन्या कॅसेटची फीत. लग्नात आलेल्या सुगमसंगीताच्या कॅसेटचा इतका सदुपयोग दुसरा कुठे झाल्याचे मला माहीत नाही. धागा हलला की कळते, वारा आला. पाण्यावर लांबवर काळपट सुरकुती दिसली की तिकडे वारा आहे, हळूहळू तिकडे जायचे. शिंक आली तरी बेतानेच द्यायची.

आता हे सगळे भिलाईत कोणाला समजावून सांगायचे? हे गाव वाऱ्याची वाट बघणाऱ्यांचे नव्हे. इथे वारा तयार होतो. ब्लास्ट फर्नेस, पाठ्यपुस्तकातली झोतभट्टी, म्हणजे शेवटी वाऱ्याचाच खेळ. वरून दल्ली-राजहऱ्याचे लोहखनिज, कोक आणि चुनखडी टाकायची आणि खालून हजार अंशांच्या वर तापवलेली हवा आत फुंकायची. त्या झोतात कोक जळतो, त्याचा वायू खनिजातला प्राणवायू ओढून घेतो आणि लोखंड वितळून तळाशी उतरते. भिलाईची पहिली भट्टी राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते 4 फेब्रुवारी 1959 रोजी सुरू झाली, आणि आठवी, महामाया, 2018 साली. भट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षे विझवायची नसते. दिवाळी, निवडणूक, क्रिकेटचा अंतिम सामना, काही असो, ब्लोअर फिरत राहतात आणि पाळ्या बदलत राहतात. झोत कमी झाला की नियंत्रण कक्षात माणसे उभी राहतात. ज्यांनी आयुष्यभर वारा पडू दिला नाही, त्यांना पडलेल्या वाऱ्याचे कौतुक कसे असेल? समोरच्या फोरमनसाहेबांचा सूर मला म्हणूनच समजतो. आणि समुद्राशी आमचा काही संबंध नाही असेही म्हणता येत नाही. 'विक्रांत' या विमानवाहू नौकेसाठी स्टील अथॉरिटीने, म्हणजे सेलने, जे सुमारे 30,000 टन खास पोलाद दिले, त्यातले काही भिलाईचे. आमच्या गावाने समुद्रात पाठवले ते असे, चार इंजिने लावून चालणारे. वाऱ्यावर विसंबून काही पाठवायचे भिलाईच्या स्वभावात नाही.

तरी एका अशाच निवांत सकाळी मी आमच्या भागातल्या एका तळ्यावर गेलो. शिडाची होडी नव्हतीच. पायांनी मारायच्या, हंसाच्या मानेच्या होड्या होत्या. खिडकीतल्या पोराने माझ्या मागे कोणी आहे का ते वाकून पाहिले.

"कितने लोग?"

"मी एकटाच."

"अकेले? अंकल, ये दो सीट वाली है. एक तरफ झुक जाएगी."

दोघांचे पैसे देतो म्हणालो. प्रश्न पैशांचा नव्हता, तोलाचा होता. त्याने थोडा विचार केला आणि पाण्याने भरलेला एक मोठा कॅन आणून शेजारच्या सीटवर ठेवला. मग नियम आठवला असावा. त्याने त्या कॅनलाही लाइफ जॅकेट घातले. संसारात इतका अबोल आणि तोल सांभाळणारा जोडीदार मिळत नाही, हे मी घरी सांगितले नाही.

तळ्याच्या मध्यावर पोचल्यावर मी पाय थांबवले. पाणी गुळगुळीत होते. होडी थोडी पुढे सरकली, मग सरकायची थांबली, मग अगदी सावकाश फिरून तिने तोंड काठाकडे केले. पाणकावळा खांबावर पंख वाळवत बसला होता. लांबवर धूर उभा होता. एका गुणाचा वारा असेल नसेल. पाण्यावर एक सुरकुती उठून माझ्या दिशेने आली आणि वाटेतच विचार बदलून विरली. स्लोकमला, दोंद्यांना हे पुष्कळ मिळाले असेल, मला तिकिटापुरते मिळणार होते. तेही पुरते मिळाले नाही, कारण काठावरून शिट्टी ऐकू आली. एकदा, मग दोनदा. पोरगा दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडत होता, "अंकल, खराब हो गई क्या?"

नाही, म्हटले, बरी आहे.

"फिर चला क्यों नहीं रहे?"

याला उत्तर नव्हते. म्हणजे होते, पण ते पन्नास मीटरवरून ओरडून सांगण्यासारखे नव्हते. मी पाय मारू लागलो. त्याचा जीव भांड्यात पडला. थांबलेली वस्तू बिघडलेली असते, ही आमच्या गावाची समजूत त्याच्या रक्तातच असणार. त्याचा आजा भट्टीवर असल्यास नवल नाही.

समुद्र नाही म्हणून शीड नाही, ही सबब मात्र मला पटत नाही. भोपाळलाही समुद्र नाही. तिथल्या बड्या तलावावर नौकानयनाची राष्ट्रीय शाळा चालते, आणि तिथे शिकलेल्या देवासच्या नेहा ठाकूरने 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत रौप्यपदक आणले. शेतकऱ्याची मुलगी, आणि होडी एकट्याने चालवायची. त्या स्पर्धेत विष्णू सरवनननेही एकट्याच्याच होडीत कांस्यपदक मिळवले. त्याची ती होडी जेमतेम 14 फूट लांब, एक शीड, एक सुकाणू, एक माणूस. नुसता सांगाडा 60 किलोच्या आत. दोन माणसे उचलून पाण्यात ठेवतील. शर्यतीच्या लोकांनाही वाऱ्यापुढे मान तुकवावी लागते. 2024 च्या ऑलिंपिकमध्ये मार्सेलच्या समुद्रावर वारा पडला म्हणून शर्यती पुढे ढकलाव्या लागल्या, आणि जगातले अव्वल खलाशी होड्यांत गुडघे मिठीत घेऊन बसून राहिले. कोणी शिट्टी वाजवली नाही.

भिलाईभोवती पाण्याची वाण नाही. मरोद्याचा जलाशय आहे, मैत्रीबागेतले तळे आहे, थोडे लांब तांदुळा आणि गंगरेल आहे. कारखान्याला पाणी लागते म्हणून तांदुळा-गंगरेलचे पाणी इथवर आणलेले आहे. त्याच्या कडेला एक छोटी होडी ठेवायला कोणाची हरकत नसावी. तेव्हा ज्यांच्या हाती ही तळी आहेत त्यांना एवढीच विनंती की हंसांच्या रांगेत एक होडी एकट्या माणसासाठी ठेवा, जमल्यास शिडाची. आणि ती तळ्याच्या मध्यावर उभी दिसली तर तिच्यातल्या माणसाला हाक मारू नका.