कानउघाडणी

डोळा हे लबाड इंद्रिय आहे, असं माझं मत अलीकडे पक्कं होत चाललं आहे. कादंबरीत पाऊस पानभर लांबला की डोळा पान उलटतो. इतिहासात सनावळ्या सुरू झाल्या की चार ओळी खाली उडी मारतो. समाजाविषयीच्या पुस्तकात लेखक आपल्याच आळीबद्दल काही बोलायला लागलाय असा नुसता वास आला, तरी परिच्छेदाचा शेवट आधी बघून घेतो आणि मग ठरवतो, पुढे वाचायचं की उठून चहा टाकायचा. एवढ्या चोऱ्या करून वर ‘पुस्तक वाचून झालं’ असं चारचौघांत सांगायला हा मोकळा! कानाला यातली एकही चोरी जमत नाही. पहिला शब्द संपल्याशिवाय त्याला दुसरा मिळतच नाही.

ही अक्कल मला ऑडिओबुकं ऐकायला लागल्यापासून आली. २०१७ साली स्टोरीटेल ही स्वीडनची कंपनी भारतात आली, तीच इंग्रजी-हिंदीबरोबर मराठी पुस्तकंही घेऊन. चष्म्याचा नंबर आणि पुस्तकातल्या टायपाचा आकार यांचं गणित ज्यांना जमेनासं झालं होतं, अशा आमच्यासारख्यांची तेव्हापासून सोय झाली. मी सकाळी फिरताना ऐकतो, लोकलमध्ये ऐकतो, मटार सोलताना ऐकतो. मटार सोलताना ऐकलेलं पुस्तक विशेष लक्षात राहतं, असं माझं निरीक्षण आहे. दाणे टरफलांत जातात आणि टरफलं दाण्यांत, असं घरच्यांचं.

आमच्या कट्ट्यावरच्या काही मंडळींना हे मुळातच मान्य नाही. ‘ऐकलं त्याला वाचन म्हणायचं, तर जेवणाचं वर्णन ऐकून ढेकर द्यायलाही हरकत नाही,’ असं त्यातले एक निवृत्त मास्तर म्हणाले. मास्तरांशी वाद घालायचा तर सरळ ज्ञानेश्वरीपासून सुरुवात करावी लागते. १२९० साली नेवाशात ज्ञानदेव सांगत होते, समोर श्रोते बसले होते आणि सच्चिदानंदबाबा उतरवून घेत होते. म्हणजे मराठीतला हा एवढा थोर ग्रंथ आधी ऐकला गेला आणि मग लिहिला गेला. त्यानंतर कीर्तनं झाली, चातुर्मासात पोथ्या लागल्या, पोवाडे झाले. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं, तेव्हा लोकांनी रेडिओला हार घातले. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार हे तिघे गावोगाव कथा सांगत हिंडले. पु. लं.च्या कॅसेटी तर इतक्या झिजल्या, की पुढचा विनोद मागच्या हशातच ऐकू यायला लागला. तेव्हा ऐकण्याची लाज मराठी माणसाने बाळगायचं कारण नाही.

तिकडे इंग्रजांना हे सुचलं ते वेगळ्या गरजेतून. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावून आलेले सैनिक आणि इतर अंध वाचक यांच्यासाठी ब्रिटनमध्ये १९३५ साली तबकड्यांवर पुस्तकं निघाली. पहिल्या काही पुस्तकांत ॲगाथा ख्रिस्तीबाईंची ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ होती. ज्याला पानं चाळून शेवट आधी बघता येत नाही, त्याच्यासाठी रहस्यकथा निवडणाऱ्या माणसाला कानाचा स्वभाव बरोबर कळला होता.

आता इतिहासाकडे येतो. इतिहास ऐकताना पहिली अडचण नावांची. पुस्तकात वंशावळ असते, तळटीप असते, बोट घालून मागे जाता येतं. कानाला वंशावळ नसते. उत्तर पेशवाई ऐकताना माझी पहिल्यांदा अशी समजूत झाली, की रघुनाथराव, राघोबा आणि दादासाहेब या तिघांनी मिळून पुण्यात फारच धुमाकूळ घातला होता. तिघांतला कोणीतरी एक शहाणा निघेल आणि बाकीच्या दोघांना आवरेल, अशी मी वाट पाहत होतो. ते तिघे एकच आहेत हे कळल्यावर पेशवाईबद्दलची उरलीसुरली आशाही संपली. नानांचंही तसंच. एक नानासाहेब पानिपताच्या वर्षी वारले, म्हणून मी घाटकोपरला हळहळत डोळे मिटले. डोंबिवलीच्या आसपास जाग आली, तेव्हा नानासाहेब कानपुरात इंग्रजांशी लढत होते. मधल्या स्टेशनांत शंभर वर्षं आणि एक फाईल उलटून गेली होती.

दुसरी गंमत वेगाची. ऐकण्याचा वेग दीडपट करायची सोय असते आणि कंटाळा आला तर काही सेकंद पुढे ढकलायचंही बटण असतं. हे बटण पानिपतावर वापरून पाहावं. मार्च १७६० मध्ये परतूरहून मराठ्यांची फौज निघते. ऑक्टोबरात कुंजपुरा पडतो आणि आपण खूश होतो, तेवढ्यात अब्दाली बागपताजवळ यमुना उतरून दिल्लीची वाट अडवतो. मग सदाशिवरावभाऊ पानिपताला खंदक खणून बसतात. बसतात ते बसतातच. रसद तुटते, गोविंदपंत बुंदेले मारले जातात, थंडी वाढते, जनावरं मरतात आणि वाचणारा संथ आवाजात दाणागोट्याचे हिशेब सांगत राहतो. माझा अंगठा त्या बटणावर गेला. आणि मग वाटलं, भाऊ तिथे अडीच महिने अर्धपोटी बसले आणि आपल्याला अर्धं मिनिट दम निघत नाही. छापील पानिपत मी पूर्वी वाचलं होतं, म्हणजे डोळ्यांनी कुंजपुऱ्यावरून सरळ १४ जानेवारीवर उडी घेतली होती. हरण्याआधी माणसं उपाशी होती हे मला माहीत होतं. उपास किती लांबला, ते कानानं सांगितलं. बाकी दीडपट वेगानं ऐकूनही निकाल तोच लागतो, फक्त विश्वासराव लवकर पडतात.

जुन्या लेखणीची माणसं मात्र कानाला फार मानवतात. सभासदाने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीला बखर लिहिली, तिची वाक्यं श्वासाच्या मापाची आहेत. गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’ची गोष्ट तर विचारूच नका. वरसईचा हा गरीब भिक्षुक १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेला आणि नेमका बंडात सापडला. झाशीच्या वेढ्यात आत होता. तोफगोळा, मुक्कामाचं जेवण, राणीसाहेब आणि हाती पडलेली दक्षिणा ही सगळी तो एकाच सुरात सांगतो, कारण त्याच्या लेखी ती सगळी त्याच्यावर ओढवलेलीच होती. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली हे छापून आणलं. छापील पुस्तकात ते इतिहासाचं साधन वाटतं. ऐकताना वाटतं, आपल्याच पडवीत एक थकलेला माणूस पाय धुऊन, पाटावर बसून बोलतो आहे आणि त्याला आधी जेवायला वाढायला हवं.

समाजाविषयीची पुस्तकं ऐकणं हा सगळ्यांत अवघड प्रकार. त्रिंबक नारायण आत्र्यांचं ‘गावगाडा’ १९१५ सालचं. त्यातले अलुते, बलुते, वतनं, हक्क आणि मानपान ऐकताना शहरी कानाची दमछाक होते. अशा पुस्तकाला टेबल, पेन्सिल आणि छापील पान हवं, हे मी मास्तरांसमोर मोकळेपणाने कबूल करतो. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ याच्या अगदी उलट. ते पुस्तक मुळात बोलतंच. वडिलांच्या, म्हणजे नानांच्या, सोवळ्याच्या तऱ्हा आणि नवऱ्याचा, म्हणजे रेव्हरंड टिळकांचा, भोळा संताप बाई ज्या सहजतेने सांगतात, ते ऐकताना एकट्याने हसू फुटतं आणि लोकलमधली शेजारची माणसं सरकून बसतात. जागा मिळवण्याचा हा एक सभ्य मार्ग आहे.

दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली आलं. त्याची रचनाच ऐकण्याची आहे. दगडू मारुती पवार नावाचा माणूस दया पवार नावाच्या शिकलेल्या माणसाला स्वतःचीच कहाणी सांगतो. डोळ्यांनी वाचताना एक गोष्ट कधी ध्यानात आली नव्हती. मनातल्या मनात वाचायचं म्हणजे सगळी पुस्तकं आपल्याच आवाजात वाचायची. मुंबईच्या कावाखान्यातली माणसं, धामणगावच्या म्हारवाड्यातली आई, हे सगळे इतकी वर्षं माझ्या डोक्यात माझ्याच शाळेतल्या मराठीत बोलत होते. दुःख त्यांचं आणि उच्चार माझे! ऐकताना पहिल्यांदा माझा आवाज बंद झाला. म्हणून वाचणारा कोण, हा प्रश्न इथे मोलाचा ठरतो. रेडिओवर हवामान सांगितल्यासारख्या गुळगुळीत आवाजात अशी पुस्तकं कोणी वाचली, तर लेखकाला पुन्हा एकदा गावाबाहेर काढल्यासारखं होतं. वाचणाऱ्याला बोली यायला हवी, आणि नसेल येत तर निदान तिची थट्टा तरी करू नये. काही उत्साही वाचक गावाकडचं पात्र आलं की सरसकट तमाशातल्या सोंगाड्याचा हेल काढतात. त्यांच्या लेखी चंदगडपासून चंद्रपूरपर्यंत एकच खेडं आहे.

कथा-कादंबऱ्यांचं दुखणं निराळं. ‘मृत्युंजय’मध्ये कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण आणि श्रीकृष्ण असे सहा जण आळीपाळीने बोलतात. एकट्या वाचकाने ते सहाही वठवायचे म्हणजे महाभारतापेक्षा कठीण काम. तो पट्टीचा नसेल तर कुंती बोलते की दुर्योधन, हे कळायला रडण्यापर्यंत थांबावं लागतं. उच्चारांचीही परीक्षा असते. आपल्या लिपीत ‘ज’ एकच, तोंडात दोन. ‘ययाति’ कादंबरीत शुक्राचार्य शाप देतात आणि राजाला जरा, म्हणजे म्हातारपण, येते. हा ‘ज’ चुकून ‘जरा सरकून घ्या’मधला लागला, की राजाला नुसतंच जरासं काहीतरी होतं आणि अख्खी कादंबरी एवढ्याशा दुखण्यासाठी लिहिल्यासारखी वाटते. ‘कोसला’ ऐकताना हा धोका नाही, तिथे दुसरा आहे. पांडुरंग सांगवीकरचं ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ कानात असं मुरतं, की घरी ‘भाजी कशी झालीय?’ असं विचारल्यावर ‘उदाहरणार्थ छान वगैरे’ असं तोंडातून जातं. त्याचे परिणाम कादंबरीत दिलेले नाहीत.

नारायण धारपांच्या भयकथा रात्री ऐकू नयेत, एवढंच सांगतो. पुस्तकातलं भूत हातभर लांब असतं आणि पुस्तक मिटलं की मिटतं. हेडफोनमधलं भूत दोन्ही कानांच्या मधोमध उभं राहून श्वास घेतं.

या सगळ्यात हुंकार मात्र गेला, हे मला खटकतं. कीर्तनकाराला समोरची मान कलंडलेली दिसते. मग तो निरूपण आवरतं घेऊन आख्यानाकडे वळतो. आजी गोष्ट सांगायची ती ‘हं’ ऐकू आलं तरच पुढे सरकायची. हा बंद खोलीतला वाचणारा बिचारा मी घोरत असलो तरी त्याच निष्ठेने वाचत राहतो. एकदा मी त्याला नकळत ‘हं’ म्हणालो आणि ते नेमकं बायकोनं ऐकलं. ती म्हणाली, ‘अहो, त्या परक्या माणसाचं तुम्ही तास-तासभर मध्ये तोंड न घालता ऐकता, वर हुंकारही देता. आमचं पहिलं वाक्य कधी पुरं होणार, ते एकदा सांगून ठेवा.’ मी लगेच खुलासा करायला गेलो आणि तिचं दुसरं वाक्यही अर्ध्यावर राहिलं.

पण बोलण्यात तथ्य होतं. डोळ्यांनी वाचणारा माणूस लेखकाशी वाद घालत, त्याला गाळत, चाळत पुढे जातो. ऐकणाऱ्याला समोरच्याचं बोलणं त्याच्या वेगाने, त्याच्या उच्चारात, शेवटपर्यंत ऐकावं लागतं. आपल्याकडे ही सवय कमी. दर साहित्य संमेलनात ‘साहित्य आणि समाज’ या विषयावर परिसंवाद असतो, त्यात व्यासपीठावरचे सगळे बोलतात, मंडपातले भजी खायला बाहेर जातात आणि विषय पुढच्या संमेलनासाठी शिल्लक राहतो. साहित्याने माणूस बदलतो का, याचं माझ्यापुरतं उत्तर मात्र मला सापडलं आहे. परवा आमच्या सोसायटीच्या सभेत गच्चीच्या गळतीवर वरच्या मजल्यावरचे गृहस्थ बोलायला उठले, आणि मी त्यांचं म्हणणं मध्ये एक शब्दही न बोलता पूर्ण ऐकून घेतलं. सेक्रेटरींनी माझी तब्येत विचारली. गृहस्थांचं म्हणणं चूकच होतं. पण ते नेमकं कुठे आणि किती चूक आहे, हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नीट कळलं.