हनुवटी जरा खाली

वेसाव्यात माणसावर हुकूम चालवणे सोपे नाही. मासळीबाजारात घासाघीस करणाऱ्याला कोळीण एका वाक्यात गप्प करते, आणि सात बंगल्यापासून यारी रोडपर्यंत विखुरलेले होतकरू नट दिग्दर्शकाखेरीज कुणाचे ऐकत नाहीत; दिग्दर्शक तर त्यांना भेटतच नाही. हीच मंडळी पिढीजात फोटो स्टुडिओतल्या स्टुलावर बसली, की ‘हनुवटी जरा खाली’ एवढ्या तीन शब्दांवर मुकाट हनुवटी खाली घेतात. हा हुकूम सोडणारा गृहस्थ बहुधा तिसऱ्या पिढीचा असतो. भिंतीवर आजोबा असतात. दुकानातला एकमेव हललेला फोटो त्यांचाच, कारण सगळ्या गावात फक्त स्वतःचाच फोटो ते काढू शकत नव्हते. हा माणूस फोटो विकतो, हाच मुळात गैरसमज आहे. तो विकतो निवाडा. निवाडाच वारशाने येतो, यंत्रे येत-जात राहतात. दादरच्या इंडिया फोटो स्टुडिओत जे. एच. ठक्कर यांनी १९४८पासून नटनट्यांवर सोडलेला झोत पुढे मुलाने सांभाळला. बॅलार्ड इस्टेटमधला १९२८चा हॅमिल्टन स्टुडिओ माधवजी बापलेकींनी चालवला. उलट ज्या पिवळ्या डब्यांवर आपल्या गृहस्थाच्या वडिलांनी संसार केला, ती कोडॅक कंपनी २०१२ साली दिवाळखोरीच्या कोर्टात गेली. त्याही दिवशी याचे शटर वेळेवर वर गेले.

यावर कुणी म्हणेल, खिशाखिशात कॅमेरा असताना आणि पासपोर्ट सेवा केंद्र स्वतःच फोटो काढत असताना याची गरज काय? पण सरकारने याचे नुकसान केले असे म्हणवत नाही. याने जाहिरातीवर आजवर एक पैसाही खर्चला नाही. ते काम आधार कार्डावरचा फोटो चोख करतो. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे : हा सारा खोटेपणाच ना? आजोबा निगेटिव्हवर पेन्सिलीने डाग झाकायचे, नातू माउसने झाकतो. खरे आहे, पण या खोट्याला प्रमाण असते. मोबाइलचा फिल्टर कोळीण आजीला सोळा वर्षांची करून सोडतो. हा गृहस्थ निम्म्याच सुरकुत्या काढतो. सगळ्या काढल्या तर नातवंडे ओळखणार नाहीत, सगळ्या ठेवल्या तर आजी पैसे देणार नाही. नाकातल्या नथीला मात्र तो हात लावत नाही.

या निवाड्याची खरी किंमत घरातले कुणी गेल्यावर कळते. मुलगा हजारभर फोटो भरलेला मोबाइल पुढे करतो : एकात वडील जेवताहेत, दुसऱ्यात डोळे मिटलेले, तिसऱ्यात निम्मे शेजारी. गृहस्थ मोबाइल हलकेच बाजूला ठेवतो आणि कपाटातून आपल्या वडिलांनी तारीखवार लावलेले एक जुने पाकीट काढतो. त्यातल्या निगेटिव्हमध्ये हनुवटी बरोबर खाली असते.